काळ्या मातीवरचं पार्किंग: गट्टू, काँक्रीट की डांबर?

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

लातूर-आंबाजोगाई रस्त्यालगत आमचं मंगल कार्यालय आहे आणि पुढच्या अंगाला गाळे. समोरची मोकळी जागा वीस हजार चौरस फुटांच्या आसपास भरते. आधीच्या मालकांनी तिथं गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवले होते. पावसाळ्यात चाकाखाली दबून चाकोऱ्या पडतात, मधोमध तळं साचतं. उन्हाळ्यात कडेचे गट्टू सुटे होऊन निघतात. दरवर्षी मजूर लावा, उचला, कच टाका, परत बसवा, हेच चाललंय.

यंदा एकदाच नीट करायचं ठरवलंय. तीन ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणतो ८० मिलिमीटरचे गट्टू टाकू. दुसरा म्हणतो सगळं काँक्रीट, ट्रिमिक्स करून, म्हणजे ओतल्यावर जादा पाणी यंत्रानं ओढून काढून. तिसरा म्हणतो खडी दाबून वर डांबराचं कार्पेट, सगळ्यात स्वस्त. तिघांनीही टेप लावून लांबी-रुंदी घेतली. कुदळ मारून खाली काय आहे ते मात्र एकानंही पाहिलं नाही.

माझं मत असं की पैसा वरच्या थरापेक्षा खाली घालावा. पण किती खाली, आणि कशात? वाहनं म्हणाल तर कार, दुचाकी, मंडपवाल्यांचे टेम्पो, वऱ्हाडाच्या बस. एका गाळ्यात खत-बियाणांचं दुकान आहे, तिथं जून-जुलैत भरलेले ट्रक येतात. ज्यांनी असं काम केलंय, करून घेतलंय किंवा निस्तरलंय, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जालनेकर

कुदळ न मारता दर सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. बाकीचं रात्री निवांत लिहितो.

पाणसळ

मी संभाजीनगरला सिव्हिलमध्ये आहे. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम नाहीतर कातळ लागतो, म्हणून लोकांचं निभावतं. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यात काळी माती पुष्कळ खोल असते, तिथं तोच हिशोब चालत नाही.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी धरून फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच्याच. तुमच्या पार्किंगखालीही तेच घडतं, फक्त वरून झाकलेलं असल्यामुळं दिसत नाही. त्यात झाकलेल्या जागेचा मध्य सावकाश ओला-कोरडा होतो आणि कडा भराभर. म्हणून कडा आधी उठतात, आधी खचतात. तुमचे कडेचेच गट्टू का निघतात याचं उत्तर इथं आहे.

दुसरं म्हणजे ताकद. रस्त्याच्या कामात मातीची सीबीआर चाचणी करतात, म्हणजे माती किती भार पेलते ते मोजतात. भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर बहुतेकदा २ ते ४ टक्क्यांत येतो. म्हणजे पावसाळ्यात ती भरलेला ट्रक पेलूच शकत नाही. वर ८० मिलिमीटरचा गट्टू असो की १०० चा, तो वजन फक्त थोडं पसरवतो, पेलायचं शेवटी खालच्यालाच असतं.

तेव्हा आधी दोन-तीन ठिकाणी चार-पाच फूट खड्डे घ्या. एक ट्रक येतो तिथं, एक पाणी साचतं तिथं, एक फाटकाजवळ. काळी माती किती खोल आहे, खाली मुरूम लागतो का, खड्ड्यात पाणी पाझरतं का, एवढं बघितलं की अर्धे प्रश्न सुटतात.

हिंगोलीचा_हरी

वाचनखूण साठवली आहे. आमच्या जिनिंगच्या अंगणात हीच गत आहे.

बालाघाटी

राम राम मालक. मी हीच कामं करतो, गट्टूची पन आन काँक्रीटची पन. माझं ऐकाल तर गट्टूच टाका, पर नीट टाका.

लोक गट्टूला नावं ठिवत्यात, आन बसवत्यात कशावर? काळ्या मातीवर चार इंच कच वतून. कच म्हंजी गिट्टीमशीनची चुरी. त्यात पीठ लई असतंय, पानी धरून ठिवतंय. वरून गाडी गेली की त्या चुरीचा चिखुल हुतोय आन सांध्यातनं वर येतोय. गट्टूखाली धुतलेली क्रश सँड, म्हंजी दगड फोडून केलेली वाळू पाहिजे, इंच-दीड इंच, जास्त नको. त्याच्याखाली मुरूम-खडीचा थर दाबून दगडावानी झाला पाहिजे. खालचा खड्डा वाळूनं भरून काढायचा न्हाई, तो खडीनंच भरून लेवल करायचा.

आन कडंला काँक्रीटचा कर्ब पाहिजेच. कड मोकळी राहिली की गट्टू बाहीर सरकत्यात, सांधे उघडत्यात, मग काय बी करा थांबत न्हाई.

गट्टूचा मोठा फायदा सांगतो. उद्या पाण्याची पाइपलाइन फुटली, लाइटची केबल टाकायची निघाली, तर उचलून परत बसवता येतंय. काँक्रीट फोडलं की ठिगळ दिसतंय ते दिसतंयच.

तुळजाई

बालाघाटी दादा, तुमचं पटतंय, पण माझा कौल काँक्रीटला. धाराशिवला आमच्या दवाखान्याच्या इमारतीचं पार्किंग मी सांभाळते. आमच्याकडं आधी गट्टू होते. स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची त्यावरून नेताना पेशंटला प्रत्येक सांधा लागायचा. प्लास्टर घातलेल्या माणसाचं तोंड बघवत नसे. दारापासून रुग्णवाहिकेपर्यंतचा पट्टा काँक्रीटचा केला आणि तो त्रास संपला.

मांजराकाठ, तुमच्या कार्यालयातही आजी-आजोबा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बायका येणारच. दाराजवळ अपंगांसाठी निदान दोन गाड्यांच्या जागा ठेवा. त्या ३.६ मीटर रुंद लागतात, म्हणजे दार पूर्ण उघडून खुर्ची बाजूला लावता येते. तिथून हॉलपर्यंत उंबरा न येता सपाट वाट द्या. रॅम्पचा चढ १२ फुटांना १ फूट, त्याहून खडा नको. नंतर तोडफोड करून हे बसवणं फार जड जातं.

जालनेकर

आलो. आता डांबराचं बोलतो, कारण कोणीच त्याची बाजू घेईना.

डांबर वाईट नाही. मोठी जागा, चालत्या गाड्या, पैसा कमी असेल तर ठीकच आहे. पण पार्किंगमध्ये गाड्या चालत नाहीत, उभ्या राहतात. आमच्याकडं लोखंडाच्या कारखान्यांच्या आवारात सळयांनी भरलेले ट्रक रात्रभर उभे असतात. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं गेला की डांबर मऊ पडतं आणि चाकं जागच्या जागी रुततात. ट्रकवाला उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवतो तेव्हा वरचा थर खरवडून निघतो. शिवाय डिझेल आणि ऑइल गळतं. डिझेल डांबराला विरघळवतं, तिथून खडी सुटायला लागते. काँक्रीटवर फक्त डाग पडतो.

ट्रक आणि बसच्या जागी डांबर नकोच. कारच्या भागात चालेल, पण भेगा दरवर्षी मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या आत भरून घ्यायची शिस्त असेल तरच. एका भेगेतून पाणी खाली गेलं की पुढच्या महिन्यात तिथं खड्डा असतो. आणि खड्डा बुजवताना गोलगोल ठिगळ लावू नका. चौकोनी कापायचं, कडा उभ्या, आतली सुटी माती झाडून काढायची, डांबराचा हात मारायचा, मग माल भरून दाबायचा.

वऱ्हाडी_पाहुणा

अवांतर: बीडजवळ एका लग्नात सजवलेली नवरदेवाची गाडी कार्यालयाच्या फाटकातच रुतली होती. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून गाडी ढकलली. नवरी स्टेजवरून विचारत होती, वरात निघाली का? 😄

आबा_ओव्हरसियर

रस्त्याच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे. पोरांनो, सगळे खालच्या थराचं बोलताय हे बघून बरं वाटलं. पण एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही, आणि काळ्या मातीत तीच सगळ्यात महत्त्वाची.

समजा तुम्ही दोन फूट काळी माती उकरली आणि त्यात मुरूम भरला. मुरमातून पाणी आरपार जातं. खाली आणि चारी बाजूंना काळी माती, तिच्यातून पाणी जात नाही. म्हणजे जमिनीत एक हौद बांधला म्हणायचा. पावसाळाभर त्यात पाणी उभं राहणार, तळाची माती भिजून लोण्यागत होणार, आणि एवढा खर्च करूनही पार्किंग खचणार. मी असं झालेलं पाहिलं आहे.

म्हणून उकरण्यापेक्षा भर घालून उंच करा. वरची मुळं-गवताची वीतभर माती काढा, बाकी रोलरखाली दाबा, तिलाच बाहेरच्या नालीकडं ढाळ द्या आणि त्यावर मुरूम चढवा. सभोवतालच्या जमिनीपेक्षा पार्किंग निदान फूटभर वर आलं पाहिजे.

पाणसळ

आबा, हौदाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण भर घालून उंच करायला प्रत्येक ठिकाणी वाव नसतो. मांजराकाठ यांच्या कार्यालयाचं जोतं आणि गाळ्यांचे उंबरे आधीच ठरलेले. पार्किंग फूटभर उचललं तर पावसाचं पाणी दुकानात शिरेल.

तिथं थोडं उकरावंच लागतं. मग उकरलेल्या तळालाच ढाळ द्यायचा, सपाट ठेवायचा नाही, आणि सखल कडेला तळाच्याही खाली जाणारा चर काढून त्यात खडी आणि भोकं पाडलेला पाइप घालायचा. हौदाला खालून तोटी बसली की तो भरत नाही. पाइप नाल्यापर्यंत उघडा निघतोय ना एवढं मात्र जातीनं बघायचं.

आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत अभ्यासली, कालव्यांच्या कामात ती वापरली गेली. तिथं थर मीटरभर जाडीचा लागतो. पार्किंगसाठी एवढा खर्च कोणी करत नाही, पण काळी माती आणि पाणी यांच्यामध्ये न फुगणारा भरीव थर ठेवायचा हे तत्त्व तेच. दुसरा उपाय चुन्याचा. वरच्या सहा-आठ इंच काळ्या मातीत ३ ते ६ टक्के चुना मिसळून, पाणी मारून दाबली की तिचं फुगणं पुष्कळ कमी होतं. मुरूम लांबून आणावा लागत असेल तर हा हिशोब जरूर करून बघावा.

आबा_ओव्हरसियर

तोटी काढणार असाल तर माझी हरकत नाही. फक्त तो पाइप कागदावर राहू नये. कामात सगळ्यात आधी तोच गळतो.

बालाघाटी

आबांचं बराबर हाय. आन काळी माती आन मुरमाच्या मधी जिओटेक्स्टाइलचं कापड टाका. न्हाईतर पावसात खडी खाली घुसती आन काळी माती वर येती. कापडानं दोन्ही आपापल्या जागी राहत्यात.

मुरूम बी बघून घ्या मालक. ओला करून हातावर वळायचा. बारीक दोरी झाली की त्यात माती लई हाय, परत पाठवा. खरबरीत असंल तर दोरी हुत न्हाई, तुटती. आन रॉयल्टीची पावती मागा. मुरूम गौण खनिजात येतो. बिनपावतीची हायवा (डंपर) तुमच्या दारात रिकामी झाली तर तहसीलची नोटीस तुमालाच येती, गाडीवाला सापडत न्हाई.

गोदाकाठची_मीरा

पावतीचं +१. नांदेडला आमच्या शेजारच्या प्लॉटवाल्यांना याचा चांगलाच भुर्दंड पडला.

माझा प्रश्न पाण्याचा आहे. वीस हजार चौरस फूट झाकायचं म्हणजे तिथं मुरणारं पाणी आता वाहून जाणार. लातूरनं तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं पाहिलंय. एवढं पाणी नालीत सोडून द्यायचं?

पाणसळ

मीराताई, चांगला प्रश्न. दहा हजार चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला की साधारण साडेतेवीस हजार लिटर पाणी होतं. वीस हजारांवर सत्तेचाळीस हजार. एका चांगल्या पावसात पाच टँकर भरतील एवढं.

पण पार्किंगचं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. त्यात ऑइल, डिझेल, टायरची भुकटी असते. इथं तर खताच्या गोण्या उतरतात, फुटलेल्या गोणीतला युरिया वाहून बोअरमध्ये गेला तर तेच पाणी लोक पिणार. छताचं पाणी वेगळं ठेवा आणि बोअरच्या पुनर्भरणाला तेच वापरा. पार्किंगचं पाणी आधी गाळ बसायच्या टाकीत, मग तेल वर तरंगून अडकेल अशा चेंबरमधून, आणि मग झाडांना. शोषखड्डा मात्र पार्किंग आणि इमारतीपासून लांब, काळी माती संपून मुरूम लागतो तिथपर्यंत खोल. काळ्या मातीतला शोषखड्डा पाणी शोषत नाही, फक्त माती फुगवतो.

तुळजाई

झाडांचं निघालंच तर, सावलीशिवाय आपल्याकडं पार्किंगला अर्थ नाही. मे महिन्यात दुपारी दोनला गाडीत बसून बघा. आमच्याकडं करंज आणि कडुनिंब लावलेत, छान धरलेत. गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडून गाड्यांवर पडतात. जांभूळ नको, रंगाचे डाग पडतात.

आबा_ओव्हरसियर

तुळजाई, झाडं इमारतीपासून लांब ठेवा हे जोडतो. मोठं झाड काळ्या मातीतलं पाणी ओढून घेतं, माती आकसते आणि जोत्याला तडे जातात. कडेच्या पट्ट्यात लावा. दिव्याच्या खांबांचे आणि फाटकाचे पाये पण वरवरचे नकोत. काळ्या मातीत ऋतूप्रमाणं ओल बदलते ती बरीच खोलवर. त्यासाठीच रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेनं अंडर-रीम पाइल, म्हणजे खाली फुगा असलेले खोल खांबी पाये काढले. फाटकाचा खांब कलला की फाटक लागत नाही, ही तक्रार दर दुसऱ्या कंपाउंडला ऐकायला मिळते.

जालनेकर

आता कामाच्या वेळेचं बोला. मंगल कार्यालय आहे, तारखा असतील. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा करून घेऊ असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. आषाढी ते तुळशीचं लग्न म्हणजे नेमका पावसाळा. ओल्या काळ्या मातीवर रोलर चालत नाही, ती चाकाला चिकटून वर येते. दबाई होतच नाही.

मांजराकाठ (धागाकर्ता)

जालनेकर, हाच पेच आहे. तुळशीच्या लग्नानंतर मार्गशीर्षभर तारखा, मग माघापासून थेट जूनपर्यंत. जागा मोकळी असते तेव्हा पाऊस, आणि पाऊस नसतो तेव्हा वऱ्हाड.

गोदाकाठची_मीरा

पौष आहे की! आपल्याकडं पौषात लग्न धरत नाहीत. डिसेंबरअखेर ते जानेवारी, जमीन वाळलेली, ऊन सौम्य.

जालनेकर

मीराताई, लाखातली बात! काँक्रीटलाही तेच दिवस चांगले. मे महिन्यात ओतलेलं काँक्रीट वरून भराभर वाळतं आणि दुसऱ्या दिवशी केसासारख्या बारीक भेगा दिसतात.

बालाघाटी

पौषात समदं हुनार न्हाई मालक, महिनाच असतो. खालचं काम, म्हंजी उकरणं, नाली, मुरूम, दबाई, ते पौषात समद्या जागंचं उरका. दाबलेल्या खडीवर माघातल्या लग्नाच्या कार उभ्या राहत्याल, काय बिघडत न्हाई. उलट गाड्या फिरून कुठं दबतंय ते दिसंल. मग वरचा थर आर्धा-आर्धा करा.

मांजराकाठ (धागाकर्ता)

मंडळी, खड्डे घेतले. फाटकाजवळ साडेतीन फुटांवर मुरूम लागला. ट्रकच्या जागी पाच फुटांपर्यंत काळीच. तळं साचतं तिथं खड्ड्यात दुसऱ्या दिवशी पाणी झिरपलेलं होतं, आणि पाऊस संपून बरेच दिवस झालेत. बहुधा कार्यालयाच्या हातधुणीचा पाइप कुठंतरी गळतोय.

पाणसळ यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) फुगण्याची साधी चाचणी सांगितली, ती इथंही लिहितो. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, एकात रॉकेल, १०० मिलिलिटरपर्यंत. ढवळून एक दिवस ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आमची रॉकेलमध्ये १२ वर बसली आणि पाण्यात २० वर. म्हणजे ६७ टक्के फुगवटा. शाळेतल्या मास्तरांकडून मोजपात्रं आणली होती, त्यांनी नववीच्या मुलांना पण दाखवली.

पाणसळ

५० च्या वर गेलं म्हणजे चांगलीच फुगणारी माती. हातधुणीची गळती सगळ्यात आधी काढा. तिच्यावर सोन्याचं पार्किंग केलं तरी खचेल.

आता खड्ड्यांवरून माझा सल्ला. सगळ्या जागेला एकच उपाय लावू नका.

ट्रक आणि बस जिथून येतात, वळतात आणि उभ्या राहतात तेवढा पट्टा काँक्रीटचा, आठ इंच, एम-३० प्रतीचं. खाली चार इंच दुबळ्या, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर, मध्ये प्लास्टिक. कारच्या जागांना ८० मिलिमीटरचे गट्टू, तिरप्या वेणीच्या नक्षीत, कारण गाडी वळताना ती नक्षी एकमेकांना धरून ठेवते. दुचाकीला ६० मिलिमीटर पुरे. आयएस १५६५८ या भारतीय मानकात गट्टूची जाडी आणि प्रत वाहतुकीप्रमाणं दिलेली आहे, ठेकेदाराकडून चाचणीचा दाखला मागा. या सगळ्याखाली फूटभर दाबलेला मुरूम आणि त्यावर खडीचा थर, तो सलग, सगळीकडं.

काँक्रीट ओतल्यावर १२ ते १५ फुटांवर कटर मारून सांधे पाडायचे, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके खोल, आणि ते त्याच रात्री किंवा पहाटे. उद्या मारू म्हटलं की भेग आपली वाट आपण शोधते. ट्रिमिक्सबद्दल एक इशारा. त्यात जादा पाणी ओढून काढतात हे खरं, म्हणून काही जण आधीच जास्त पाणी घालतात. ते चालू देऊ नका. आणि वर गुळगुळीत पॉलिश नको, झाडूच्या रेघा ओढून घ्या, पावसात पाय घसरत नाही.

तुळजाई

आणि पाणी मारणं? लातुरात एवढं पाणी आणणार कुठून?

आबा_ओव्हरसियर

वाफे करून पाणी भरण्यापेक्षा ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक. पाणी निम्म्याहून कमी लागतं. राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवस ओलं राहिलं पाहिजे. आपल्याकडं परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेमुळं तसलंच सिमेंट जास्त मिळतं. वाळलेलं गोणपाट टाकलं तर ते काँक्रीटमधलंच पाणी ओढतं, तेव्हा राखणदारावर सोडू नका.

हिंगोलीचा_हरी

काँक्रीटमध्ये जाळी टाकली तर काळ्या मातीचं उठणं थांबतं का?

पाणसळ

नाही हरिभाऊ. जाळी भेग रुंद होऊ देत नाही, एवढंच. माती उठली तर जाळीसकट उठते.

जालनेकर

मोजमापाचं राहिलं. वीस हजार चौरस फुटांवर दाबून एक फूट मुरूम म्हणजे २०० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सैल मुरूम त्याहून बराच जास्त लागतो. करारात दाबलेल्या थराचं माप लिहा, हायवाच्या खेपा मोजून पैसे देऊ नका. एका वेळी आठ इंचांपेक्षा जाड सैल थर टाकू द्यायचा नाही, रोलरचा दाब खाली पोचत नाही. पाणी मारून दाबायचा. प्रयोगशाळेतून घनता तपासून घ्या, आणि शेवटी एक भरलेली हायवा सगळ्या जागेवरून सावकाश फिरवा. जिथं जमीन हलताना दिसेल तिथं उकरून परत करायला लावा. एकूण बिलातले पाच ते दहा टक्के अडवून ठेवा आणि एक पावसाळा गेल्यावर द्या.

बालाघाटी

पावसाळा गेल्यावर देनार म्हनलं की ठेकेदार दर वाढवून सांगतो, हे बी ध्यानात ठिवा. पर नीट काम करनारा नाही म्हनत न्हाई. मी बी घेतो तसं काम.

गोदाकाठची_मीरा

नकाशाचं कोणी बोललं नाही. कारची जागा अडीच मीटर बाय पाच, दुचाकीची एक बाय दोन, हे राज्याच्या बांधकाम नियमावलीतलं माप आहे. दोन्ही बाजूंना काटकोनात गाड्या लावायच्या तर मधली वाट सहा मीटर ठेवा. आधी जमिनीवर चुन्यानं आखून दोन गाड्या वळवून बघा, मग कर्ब बांधा. महामार्गालगत असाल तर आत-बाहेर जायच्या वाटेची परवानगी पण तपासा.

मांजराकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. हातधुणीचा पाइप उकरला, जोडावरच गळत होता, बदलला. तिन्ही ठेकेदारांना खड्ड्यांचे फोटो, चाचणी आणि थरांची यादी पाठवून त्याच यादीवर नव्यानं दर मागवलेत. डांबरवाल्यांनी नको म्हणून कळवलं. काँक्रीटवाले स्वतः येऊन खड्ड्यात उतरले, तळाच्या पाइपची जागा त्यांनीच दाखवली, ते मला आवडलं.

पौषात खालचं काम सगळ्या जागेचं. ट्रकचा पट्टा लगेच त्यामागून, कारण त्याला निदान अठ्ठावीस दिवस वजनदार गाडी लागू द्यायची नाही. तेवढ्या दिवसांत खताचा ट्रक आलाच तर मागच्या फाटकातून घेणार, दुकानदारांशी बोललोय. गट्टू मार्चमध्ये.

आता एकच अडलंय. तळाचा पाइप जिथं निघतो तिथला सरकारी नाला गाळानं भरलाय. पावसाळ्यात त्याचंच पाणी उलटं आत आलं तर?

आबा_ओव्हरसियर

पाइपाच्या तोंडाला एकाच बाजूनं उघडणारी झडप बसवा आणि नाल्याचा गाळ काढायला ग्रामपंचायतीकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. झडपेजवळ माणूस उतरेल एवढं चेंबर ठेवा, म्हणजे मे महिन्यात साफ करता येईल. पाइपाची नाल्यापासूनची उंची किती मिळते ते इथं लिहा. फूटभराहून कमी असेल तर ढाळ दुसऱ्या अंगाला फिरवायचा विचार करू.